बंदुकीची काजळी

मारण्याच्या हेतूने घडविलेली वस्तू काळ लोटल्यावर निर्दोष होते काय? हा प्रश्न आमच्याकडे सहसा कोणी विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर आपण आचरणाने केव्हाच देऊन बसलो आहोत. ज्या तलवारीने एखाद्या पणजोबाने कोणाचे डोके उडविले असेल, ती आज दिवाणखान्याच्या भिंतीवर ढालीमागे तिरपी टांगलेली असते आणि तिच्याखाली बसून घरातील मुले गणिते सोडवितात. कंधारच्या किल्ल्यावर सहलीला गेलेली मंडळी तोफेला टेकून छायाचित्र काढून घेतात; तिच्या तोंडासमोर एके काळी कोण उभे होते याची कोणाला आठवण होत नाही, आणि ती व्हावी अशी अपेक्षाही नसते. काळाच्या पाण्याने रक्ताचे डाग निघतात अशी आपली समजूत आहे, आणि तिच्यावाचून संग्रहालये चालविता येणार नाहीत हेही खरे. पण तेच जुने शस्त्र आज कोणी नव्याने घडविले तर? त्याने अद्याप कोणाला मारलेले नाही म्हणून ते भिंतीवरच्या तलवारीहून निर्दोष म्हणावे, की काळाचे पाणी त्याच्यावरून वाहिलेलेच नाही म्हणून तिच्याहून सदोष म्हणावे?

हा वाद तर्कशास्त्राच्या तासालाच शोभेल असे वाचकांस वाटेल. परंतु आमच्यापुढे तो आला एका घरातील तंट्याच्या रूपाने. आमचा एक जुना विद्यार्थी, नायगाव तालुक्यातलाच, गेली कित्येक वर्षे अमेरिकेत नोकरी करीत आहे. तेथे त्याला एका चमत्कारिक छंदाने धरले. दीडशे वर्षांपूर्वीच्या धाटणीची, पण इटलीत नव्याने तयार झालेली, कागदी काडतुसाची बंदूक घेऊन तो सुटीच्या दिवशी मैदानावर जातो आणि कागदी लक्ष्यावर नेम धरतो. त्याच्या मातोश्री माळकरी. खंडेनवमीच्या सुमारास त्या तेथे होत्या. त्यांनी विळी, मुलाची हत्यारांची पेटी आणि मोटारीची किल्ली पाटावर मांडली, आणि ती बंदूकही आणून ठेव म्हणाल्या. सूनबाईंचे म्हणणे असे की, ज्या वस्तूला पोराने हात लावलेला आपल्याला खपत नाही ती देवापुढे कशाला? विद्यार्थ्याने दोघींपैकी कोणालाच उत्तर दिले नाही. त्याने आम्हांस पत्र लिहिले. "सर, हे शस्त्र की खेळणे एवढे आपण ठरवून द्या, म्हणजे पुढच्या नवमीला घरात शांतता राहील."

ज्या वस्तूविषयी निवाडा द्यावयाचा ती आधी नीट पाहिली पाहिजे. आमच्या बाजूच्या वाचकांना ठासणीची बंदूक ठाऊक असते. रानडुकरे आणि रोही पीक उधळतात म्हणून शेतसंरक्षणाचा परवाना काढून ती बाळगणारे शेतकरी अजूनही आढळतात. तिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते. आमच्या विद्यार्थ्याची बंदूक पाठीमागून भरण्याची आहे. ख्रिश्चन शार्प्स नावाच्या अमेरिकन कारागिराने १८४८ मध्ये या रचनेचा हक्क नोंदविला, आणि तिचा १८५९ चा नमुना अमेरिकेतील यादवी युद्धात पुष्कळ वापरला गेला. चापाभोवतीची लोखंडी कडी हीच तिची तरफ. ती खाली ओढली की नळीच्या बुडाशी असलेला भक्कम ठोकळा खाली सरकतो आणि नळीचे मागचे तोंड उघडे पडते. त्यात बोटाने काडतूस ढकलावयाचे आणि कडी वर करावयाची. वर येताना ठोकळ्याची धार काडतुसाचे शेपूट छाटून टाकते, आतली दारू उघडी होते, आणि घोड्याखालच्या केपेची ठिणगी तिला पोहोचते.

ते काडतूसही तो घरी बसून स्वतःच करतो. लाकडी दांडीवर पातळ कागद बिडी वळावी तसा वळून डिंकाने चिकटवावयाचा, एका टोकाला कागदाचा गोल तुकडा लावावयाचा, मापून दारू घालावयाची, आणि दुसऱ्या टोकाला घरी ओतलेली शिशाची गोळी बसवावयाची. गोळीच्या खाचांत मेण आणि चरबी यांचे वंगण भरण्याचा तेथे प्रघात आहे. हा माळकरणीचा मुलगा असल्यामुळे चरबीच्या जागी खोबरेल घालतो, आणि त्याने काही बिघडत नाही असे सांगतो. एका रात्री फार तर वीस-पंचवीस काडतुसे होतात. मैदानावर ती घटकाभरात संपतात.

परंतु त्याच्या पत्राचा निम्मा भाग नेमबाजीविषयी नव्हताच. तो धुण्याविषयी होता. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही जुनी दारू पेटली म्हणजे तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होता क्षाररूपाने मागे उरतो. काही धुरावाटे हवेत जातो, बाकीचा नळीला काजळी होऊन चिकटतो. पुष्कळ वर्षे रिकाम्या पडलेल्या गढीच्या भिंतींना जसा लोणा सुटतो आणि तो हवेतील ओल ओढून घेतो, तशीच ही काजळी ओल ओढते आणि लोखंड खाऊ लागते. एक रात्र आळस केला तरी सकाळी नळीत तांबूस डाग दिसतो. शार्प्सच्या बंदुकीत आणखी एक खोड आहे: ठोकळा आणि नळी यांच्या सांध्यातून वायू थोडा निसटतोच, आणि तो जाता जाता ठोकळ्याच्या बाजूंवर काजळी बसवितो. वीस-बावीस बार झाले की कडी जड होते. तिला ओढून ओढून हात दुखू लागला म्हणजे आता पुरे असे बंदूकच सांगते, असे त्याने लिहिले आहे.

मग घरी येऊन ठोकळा काढावयाचा, केप बसते ती लहानशी पोकळ बोंडी पिळून बाहेर घ्यावयाची, ठिणगी जाण्याचा बारीक मार्ग काडीने कोरावयाचा, आणि सारे कढत साबणाच्या पाण्याने धुवावयाचे. चिंधी पहिल्याने काळीकुट्ट निघते, मग करडी, आणि पुष्कळ वेळाने पांढरी. लोखंडाला पाणी कसे लावावे अशी शंका आमच्यासारख्यास येते. पण ती काजळी क्षारांची असल्यामुळे पाण्यातच विरघळते. यंत्राला घालतात ते खनिज तेल आधी लावले तर उलट तिचे डांबर होते. शेवटी कोरडे पुसून वनस्पतीचे तेल किंवा मेण लावावयाचे. एक तासाच्या खेळाला दोन तासांचे धुणे. सूनबाईंच्या मोरीत ते चालत असल्यामुळे त्यांच्या तक्रारीला आणखीही एक आधार असावा. पण तो त्यांनी वादात आणला नाही, ही त्यांची सभ्यता.

आता निवाड्याकडे वळू. विद्यार्थ्याच्या प्रश्नावर दोन देशांच्या कायद्यांनी आधीच मते देऊन ठेवली आहेत, आणि ती परस्परविरुद्ध आहेत. अमेरिकेचा १९६८ चा संघीय कायदा म्हणतो की, १८९८ पर्यंत झालेले शस्त्र हे पुराणवस्तू होय, आणि हल्लीच्या तयार धातूच्या काडतुसावर न चालणारी त्याची नवी प्रतिकृती हीदेखील पुराणवस्तूच होय. कायद्याच्या अर्थाने ती बंदूकच नव्हे. आमचा १९५९ चा शस्त्र कायदाही जुन्या धाटणीच्या आणि पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट देतो, पण केव्हा? ते दुरुस्त करूनही उडविता येणार नाही अशा अवस्थेत असेल तेव्हाच. म्हणजे एक कायदा वस्तूचे कुल पाहतो आणि दुसरा तिची करणी पाहतो. कुलाचा अभिमान बाळगणारा देश कोणता आणि कर्म पाहणारा कोणता, याविषयी आपल्या मनात काही पक्क्या कल्पना असतात. येथे त्या अगदी उलट्या ठरतात. अर्थात १८७८ मध्ये लिटनसाहेबांनी जो शस्त्र कायदा केला त्यात बाळगणाऱ्याचेच कुल पाहिलेले होते, आणि युरोपियनास जी मोकळीक होती ती हिंदी माणसास नव्हती. तो अनुभव गाठीशी असलेल्या देशाने पुढे कुलाचा विचार सोडून दिला, यात नवल नाही.

आम्ही या बाबतीत आमच्या कायद्याच्या बाजूचे आहोत. तासाभरापूर्वी साच्यातून निघालेली गोळी हाडात शिरताना ती १८५९ च्या नमुन्याची आहे म्हणून थबकत नाही. ती बंदूक खेळणे नव्हे. सूनबाईंनी पोराच्या हाताची जी कसोटी लावली ती कोणत्याही कलमाहून सरळ आहे.

यावर एक पक्ष पुढे येतो आणि तो फार लोकप्रिय आहे. तो म्हणतो, शस्त्र शस्त्राच्या जागी निर्दोष असते; दोष असतो चालविणाऱ्याचा. शार्प्सच्या बंदुकीच्या इतिहासात या पक्षाला हवा तेवढा पुरावा मिळतो. १८५६ च्या सुमारास कॅन्सस प्रांतात गुलामगिरी असावी की नसावी यावरून रक्तपात चालला असता हेन्री वॉर्ड बीचर या धर्मोपदेशकाने गुलामगिरीविरोधी वसाहतवाल्यांना याच बंदुका पुरविण्याचा पुरस्कार केला, आणि लोक त्यांना 'बीचरची बायबले' म्हणू लागले. ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राऊनने गुलामांच्या मुक्ततेसाठी हार्पर्स फेरीवर छापा घातला, त्या वेळी त्याच्या लोकांजवळ शार्प्सच्याच बंदुका होत्या. यादवी युद्धानंतर त्याच बंदुकांपैकी हजारो धातूच्या काडतुसासाठी बदलून घेण्यात आल्या, आणि तेथील मूळच्या रहिवाशांविरुद्ध निघालेल्या घोडदळाच्या हाती गेल्या. तीच नळी, तोच ठोकळा. एकदा बेडी तोडण्यासाठी, एकदा भूमी हिरावण्यासाठी. यावरून हत्यार निरपेक्ष ठरते, असे म्हणण्याचा मोह होतो.

तो मोह आम्ही आवरतो. विळीने भाजी चिरतात आणि बोटही कापते. तिचे हेतू अनेक आहेत. बंदुकीचा हेतू एकच, आणि तो घडविणाऱ्याने लोखंडात ओतून ठेवलेला असतो. शिवाय साधन बदलले म्हणजे कृत्यही बदलते. ३ जुलै १८६६ रोजी कोनिग्ग्रेत्झ येथे प्रशियाच्या शिपायांजवळ ड्रायझेची सुईची बंदूक होती. तीही कागदी काडतुसाची आणि पाठीमागून भरण्याची. ऑस्ट्रियाच्या शिपायाला आपली बंदूक तोंडातून ठासण्यासाठी उभे राहणे सोयीचे, तर प्रशियाचा शिपाई जमिनीवर पडल्या पडल्या भरून त्याच्यावर चारपाच बार काढू शकत होता. तो प्रशियन मनुष्य ऑस्ट्रियनापेक्षा अधिक क्रूर होता असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या हाती सोय होती, एवढेच; आणि सोयीने जे काम होते ते करण्याची इच्छा माणसाला पुष्कळदा मागाहून होते.

तेव्हा हत्यार निर्दोष नाही, आणि सारा दोष हत्याराचाही नाही. मग जबाबदारी कोठे धरावयाची? आम्हांस वाटते, ती जाणण्यापासून सुरू होते: आपल्या हातात काय दिले आहे, त्यात काय भरले आहे, आणि ते वापरल्यावर काय उरते, हे जाणण्यापासून. आणि कागदी काडतुसाने हा प्रश्न आमच्या देशाला एकदा फार मोठ्याने विचारलेला आहे.

१८५७ ची काडतुसे एन्फील्डच्या ठासणीच्या बंदुकीची होती. कागदाचे टोक दाताने तोडून दारू नळीत ओतावयाची, अशी कवाईत होती. वंगणात गाईची आणि डुकराची चरबी आहे ही वार्ता जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथून पसरली. पेशव्यांच्या मुलुखातून उत्तरेस गेलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनीही काडतुसांची हकीकत आपल्या प्रवासवर्णनात नोंदविली आहे. शाळेच्या पुस्तकात या प्रकरणाला सोवळ्याओवळ्याचा गैरसमज म्हणून एका वाक्यात वाटेला लावतात. पण पुढे काय झाले पाहा. जानेवारीअखेरीस सरकारने शिपायांना आपले वंगण आपण तयार करण्याची मोकळीक दिली. नंतर दाताऐवजी हाताने कागद फाडण्याची कवाईत काढली. इतके होऊनही २४ एप्रिल रोजी मीरत येथे तिसऱ्या घोडदळाच्या ९० निवडक स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे घेण्याचे नाकारले. आणि ती काडतुसे नव्या चरबीची नव्हती, नेहमीचीच होती. केवळ विटाळाचा प्रश्न असता तर तो येथे मिटावयास हवा होता. त्या ८५ जणांना आता देणाऱ्याच्या शब्दावर विश्वास उरला नव्हता. जे आपण वळलेले नाही, ज्यात काय आहे हे आपल्याला सांगितले जात नाही, आणि विचारले तर ज्याची शिक्षा होते, ते तोंडात धरावयास ते तयार नव्हते. त्यांना लष्करी न्यायालयाने बेड्या घातल्या, आणि १० मे रोजी मीरत पेटले.

आमचा विद्यार्थी खोबरेल आणि मेण कढवून स्वतःची काडतुसे वळतो, तेव्हा त्या स्वारांना जे मिळाले नाही ते त्याला अनायासे मिळालेले असते. त्याच्या काडतुसात अज्ञात असे काही नाही. पण हा दाखला त्याच्या सुटकेचा आहे असे त्याने समजू नये, असे आम्ही त्याला कळविले. ज्याला बंद पुडके हाती देऊन झाड म्हणतात त्याला सबब तरी असते. ज्याने गोळी स्वतः ओतली, दारू स्वतः मापली आणि कागद स्वतः वळला, त्याने सबबीचे सारे दरवाजे स्वतःच्या हाताने लावून घेतलेले असतात.

राहिली पूजा. खंडेनवमीचा मूळ व्यवहार पाहिला तर तो धुण्यापुसण्याचाच दिसतो. चार महिने पावसाने हत्यारांवर गंज चढलेला असावयाचा. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन आणि पुढे मोहीम. त्याआधी ती काढून, घासून, तेल देऊन मांडणे हे सेनेचे कामच होते, आणि हळदकुंकू हा त्या कामावरचा शेवटचा हात. नांदेडला आमच्या शेजारीच याचे जिवंत उदाहरण आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांचा जेथे अंत झाला त्या तख्त सचखंड हुजूर साहिबात जतन केलेली जुनी शस्त्रे दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानाच्या वेळी बाहेर काढतात, भाविक गोदावरीचे पाणी घागरींतून वाहून आणतात, आणि ती शस्त्रे धुतात. ज्याला हे पाहण्याचा योग आला असेल त्याला तेथे पूजा कोठे संपते आणि सफाई कोठे सुरू होते हे सांगता येणार नाही. उलट आमच्या कित्येक घरांतून आम्ही असे पाहतो की, वर्षभर माळ्यावर पडलेली कट्यार नवमीला खाली येते, तिच्या गंजावरच कुंकवाचे बोट उमटते, आणि ती पुन्हा वर जाते. याला पूजा म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

म्हणून मातोश्रींना हवे असेल तर बंदूक पाटावर ठेवण्यास आमची हरकत नाही, असे आम्ही लिहिले. मात्र ती शस्त्र म्हणून ठेवावी, खेळणे म्हणून नव्हे, आणि कुंकू लावण्यापूर्वी कडी ओढून नळी रिकामी असल्याचे सूनबाईंना डोळ्यांनी पाहू द्यावे. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि त्याला बार काढावयाचा आहे, असेही पत्रात होते. त्याला आम्ही पहिले वर्षभर केवळ धुण्याचे काम देण्यास सुचविले आहे. काळी चिंधी पांढरी होईपर्यंत ज्याचा धीर टिकतो त्याच्याविषयी पुढचे बोलता येईल.

पत्रातील एक बारीकसा उल्लेख मात्र अजून आमच्या मनातून जात नाही. बार निघाला की समोर पांढऱ्या धुराचा लोट उभा राहतो. गोळी लागली की चुकली हे तो विरेपर्यंत कळत नाही, आणि कोणी बार काढला हे मात्र साऱ्या मैदानाला कळते. जुन्या युद्धांत धुरावरून शत्रूची जागा ओळखीत. १८८४ मध्ये व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने निर्धूम दारू सिद्ध केली, १८८६ मध्ये फ्रान्सने तिच्यावर चालणारी लेबेल बंदूक स्वीकारली, आणि थोड्याच वर्षांत काळी दारू सैन्यांतून हद्दपार झाली. नळी काळी होईनाशी झाली, धुण्याची घाई राहिली नाही, आणि मारणारा दिसेनासा झाला. १५ डिसेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सो येथे इंग्रज पलटणी बोअरांवर चालून गेल्या, तेव्हा गोळ्या कोठून येतात हे शिपायांना उमगेना. समोरच्या टेकड्यांवर धूरही नव्हता आणि माणूसही दिसत नव्हता. त्या दिवशी पडलेल्या जखमींना डोल्यांत घालून वाहून नेण्याचे काम ज्या हिंदी पथकाने केले त्यात सुमारे ११०० माणसे होती, आणि ते पथक मोहनदास करमचंद गांधी या तीस वर्षांच्या बॅरिस्टराने उभे केलेले होते.